म्हैस 'मू' करते का? दुसरीच्या वर्कशीटवरून पडलेला प्रश्न

पाथर्डी फाट्याची आई

नमस्कार मंडळी. प्रश्न लहान आहे, पण आठवडाभर डोक्यातून जात नाही म्हणून इथे लिहितेय.

मुलगा दुसरीत आहे, इंग्रजी माध्यमात. मागच्या मंगळवारी त्याला वर्कशीट मिळाली. बारा प्राण्यांची चित्रं, प्रत्येकाखाली रेघ, आणि रेघेवर त्या प्राण्याच्या आवाजाचा इंग्रजी शब्द लिहायचा. कुत्रा, मांजर, सिंह, बेडूक त्याने भराभर लिहिले. घोड्याला 'नेय' आणि गाढवाला 'ब्रे' मी सांगितलं. म्हशीपाशी मात्र मीही अडले. गॅसवर कुकर होता, म्हटलं थांब जरा, बघून सांगते. तो कसला थांबतोय. माझी आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी निफाड तालुक्यातून आमच्याकडे आली आहे. ती हॉलमध्ये मेथी निवडत बसली होती, मेथी निवडायला तिला डोळे लागत नाहीत. त्याने तिलाच विचारलं, "आज्जी, म्हैस काय करते?" आई म्हणाली, "म्हैस रेकते, बाळा. गाय हंबरते, म्हैस रेकते." त्याने ते जसंच्या तसं इंग्रजी अक्षरांत रेघेवर उतरवलं.

शुक्रवारी वर्कशीट परत आली. 'रेकते'वर लाल फुली आणि बाजूला 'मू'. मुलाने आईसमोरच मला विचारलं, "आज्जीचं चुकलं का?" आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाली, "मला कुठं इंग्रजी येतं."

या बाईने चाळीस वर्षं म्हशींची धार काढली आहे. आमच्या गोठ्यात चार म्हशी असायच्या. लाइट गेलेली असली तरी अंथरुणात पडल्या पडल्या आई सांगायची की आता कोणती उठली आणि कशासाठी ओरडतेय. तिला म्हशीच्या आवाजाबद्दल काही कळत नाही असं माझ्या मुलाला वाटावं, हे मला सहन होत नाही.

शाळेचं नाव लिहीत नाही. बाईंवर रागही नाही, त्यांना उत्तरसूचीत जे छापून आलं तेच त्यांनी लिहिलं असणार. पण मला खरंच जाणून घ्यायचंय. म्हशीला 'मू' बरोबर आहे का? रेकण्याला इंग्रजीत दुसरा शब्द आहे का? आणि हंबरण्याला? 'मू' म्हटलं की मला दुकानातलं रबरी खेळणं आठवतं. हंबरणं म्हटलं की घशात काहीतरी येतं. एवढा फरक दोन भाषांत असेल का, की मलाच इंग्रजी शब्द माहीत नाही?

शरणपूर रोड, निवृत्त शिक्षिका

ताई, तुम्हाला शब्द माहीत नाही, तो आहे. गाईच्या हंबरण्याला इंग्रजीत 'लो' म्हणतात. खालचा, ठेंगणा या अर्थाचा 'लो' आणि हा 'लो' लिहायला-बोलायला एकच, पण दोघांचं मूळ वेगळं. हंबरण्याचा 'लो' जुन्या इंग्रजीपासून चालत आलेला आहे. आता बोलण्यात फारसा ऐकू येत नाही, मुलांच्या पुस्तकांतून तर गेलाच. उरला 'मू'.

मी अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. हा शब्द मुलींना शिकवताना मी नेहमी बायबलमधली एक गोष्ट सांगत असे, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली, ६ व्या अध्यायातली. पलिष्टी लोकांनी इस्राएल लोकांची पवित्र पेटी, म्हणजे कराराचा कोश, पळवून नेलेला असतो आणि तो परत पाठवायचा ठरतो. ते नवी गाडी करतात आणि मानेवर कधी जू न ठेवलेल्या दोन दुभत्या गाई तिला जुंपतात. त्यांची वासरं घरी कोंडून ठेवतात. गाई वासरांकडे वळल्या नाहीत, सरळ गेल्या, तर देवाची इच्छा समजायची. गाई सरळ जातात. उजवीकडे वळत नाहीत, डावीकडे वळत नाहीत, पण वाटभर हंबरत जातात. १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरात तिथे 'लोइंग' हा शब्द आहे. मागे वासरू कोंडलेलं आहे आणि पाय पुढेच टाकायचेत, त्या गाईचा तो आवाज. तिथे 'मू' घालून वाचून बघा, वाक्य उभं राहत नाही.

म्हणजे तुमच्या घशात जे येतं ते इंग्रजीलाही येत होतं. वर्कशीटमध्ये ते पोचलं नाही, एवढंच.

मुलाला समजावताना एक गोष्ट वेगळी काढून दाखवा. आवाजाची नक्कल निराळी आणि आवाजाचं क्रियापद निराळं. भू-भू ही नक्कल, भुंकणं हे क्रियापद. इंग्रजीतही तसंच, 'वूफ' नक्कल आणि 'बार्क' क्रियापद. कोंबड्याचं 'कुकूचकू' आणि 'आरवणं', त्यांचं 'कॉक-ए-डूडल-डू' आणि 'क्रो'. 'मू' मात्र दोन्हीकडे चालतो, म्हणून तो लहान मुलांच्या पुस्तकात सोयीचा पडतो. आपल्याकडे मांजराची तीच गत आहे. मांजर म्यांव 'करतं', त्याला वेगळं क्रियापद आपण घडवलंच नाही.

आणि जाता जाता, या वर्कशीटमध्ये कावळा आणि कोंबडा दोघे असतील तर मुलं हमखास गोंधळतात. 'क्रो' म्हणजे कावळा, पण 'क्रो' करतो तो कोंबडा. कावळा 'कॉ' करतो. माझ्या वर्गात दरवर्षी निम्म्या मुली इथे चुकायच्या, आणि मला ती चूक फार हुशारीची वाटायची.

कुत्र्याच्या बाबतीत दोन्ही भाषा सारख्याच श्रीमंत आहेत. भुंकणं 'बार्क', गुरगुरणं 'ग्राउल', दगड लागल्यावर केकाटणं 'येल्प', दाराशी बसून कुंई-कुंई करणं 'व्हाइन'. रात्री लांब हेल काढून कुत्रं रडतं, त्याला 'हाउल'. आपण त्याला सरळ 'रडणं' म्हणतो आणि दारात उभं राहून त्याला हाकलतो. उलट मांजराच्या बाबतीत इंग्रजी पुढे आहे. मांडीवर बसून सुखाने घुरघुरणाऱ्या मांजराला 'पर्र' आणि शेपूट फुगवून गुरगुरणाऱ्याला 'ग्राउल'. आपण दोन्हीला बहुतेक वेळा 'गुरगुरतंय' म्हणून मोकळे होतो.

म्हशीबद्दल मात्र मी अधिकाराने सांगू शकत नाही. इंग्लंडच्या गोठ्यांत म्हैस नव्हती, त्यामुळे तिच्यासाठी घरगुती शब्द तिथे तयार झाला नाही, असं माझं मत आहे. इथे जनावरांतलं जाणणारं कुणी असेल तर लिहावं.

गोठ्यातला माणूस, सिन्नर

बाईंनी जनावरांतल्या माणसाला बोलावलं म्हणून लिहितो. मी बत्तीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो, त्यातली बरीचशी सिन्नर तालुक्यात काढली.

ताई, आधी उत्तर. रेकण्याला 'बेलो'. पशुवैद्यकाच्या इंग्रजी पुस्तकांत म्हैस रेकते तिथे हाच शब्द असतो. वळू डुरकतो त्यालाही 'बेलो'च. 'मू' लिहिलं तर आभाळ कोसळत नाही, पण ते म्हशीचं नाही. तुमच्या आईंचं उत्तर बरोबर होतं, भाषा तेवढी वेगळी होती. मुलाला हे त्यांच्यासमोरच सांगा.

आता यात माझं आयुष्य गेलंय म्हणून थोडं जास्त लिहितो.

म्हैस गाईपेक्षा अबोल. गाय वैरणीचा भारा दिसला तरी ओरडते, ओळखीचा माणूस दिसला तरी ओरडते. म्हैस ओरडली की काहीतरी कारण असतं. रेडकू नजरेआड झालं, धारेची वेळ टळली, कळपातून एकटी पडली, नाहीतर माजावर आली. माजावर आलेली म्हैस रेकते, आणि शेतकऱ्याला ते ऐकू येणं फार गरजेचं असतं. तिचा माज साधारण दर २१ दिवसांनी येतो. तो हुकला की पुढचे २१ दिवस खाद्य घालत बसायचं, गाभ नाही काही नाही. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, म्हणजे रेतन करून घ्यायचं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. सगळं गणित त्या आवाजापासून सुरू होतं.

आणि उन्हाळ्यात म्हैस तो आवाजच करत नाही. याला आमच्याकडे 'मुका माज' म्हणतात. इंग्रजीत 'सायलेंट हीट'. आत सगळं चालू असतं, पण ती रेकत नाही, सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, नीट दिसत नाही, दुसऱ्या म्हशीवर उडत नाही. जी काही लक्षणं दिसतात ती रात्री उशिरा नाहीतर पहाटे, माणूस झोपलेला असताना. म्हणून आम्ही गावोगाव सांगायचो की म्हशीवाल्याने पहाटे एकदा गोठ्यात चक्कर मारलीच पाहिजे. पुरुष ऐकायचे आणि विसरायचे. बायकांना सांगावं लागत नव्हतं, त्या आधीच जात होत्या.

दुसरी गोष्ट सांगतो, ती मला अजून विसरता येत नाही. एका वस्तीवरून सकाळी एका पोराचा फोन आला. "साहेब, म्हैस माजावर आलीये, रात्रभर रेकतेय, भरवायला या." मी कृत्रिम रेतनाची पेटी घेऊन मोटरसायकलवर निघालो. वस्तीच्या अलीकडे, नाल्यापाशी, मला तिचा आवाज ऐकू आला आणि मी गाडी बंद करून उभा राहिलो. आवाज फाटका होता. घोगरा, बसलेला, मध्येच तुटणारा, आणि थांबतच नव्हता. माजाची म्हैस रेकते, थांबते, कान टवकारते, परत रेकते. ही थांबत नव्हती.

गोठ्यात गेलो तर तोंडातून लाळेच्या तारा, डोळे तारवटलेले, मागचे पाय लडखडत होते. घरच्या म्हाताऱ्याने मला सांगितलं, घशात काही अडकलंय वाटून त्याने दोनदा तोंडात हात घालून पाहिलं होतं. मी विचारलं, मागे कधी कुत्रं चावलं होतं का? दीड महिन्यापूर्वी एक भटकं कुत्रं गोठ्यात शिरलं होतं, म्हशीच्या नाकाडाला ओरखडा होता, हळद लावली होती.

रेबीज. पिसाळलेल्या जनावराचा आवाज बदलतो, घशाचे स्नायू लुळे पडायला लागतात. गिळता येत नाही म्हणून लाळ गळते आणि लोकांना वाटतं काहीतरी अडकलंय. तोंडात हात घालणं हे त्या वेळी सगळ्यात धोक्याचं काम. मी म्हाताऱ्याचे हात साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन घेतले आणि त्याला त्याच गाडीवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. घरातल्या ज्यांचा लाळेशी संबंध आला होता त्या सगळ्यांना लस सुरू झाली. म्हैस चौथ्या दिवशी गेली. माणसं वाचली.

फोनवर त्या पोराने चुकीचा शब्द वापरला नव्हता. म्हैस रेकतच होती. त्या दिवसापासून कुणीही सांगितलं "रेकतेय" की मी विचारायचो, "कशी रेकतेय? थांबून थांबून की एकसारखी? आवाज मोकळा आहे की बसलेला?" पुढे नवीन मुलं आमच्या हाताखाली शिकायला यायची, त्यांना मी पहिल्यांदा हेच शिकवायचो.

वर्कशीटवाल्यांनी आणखी एक शब्द डुकराला देऊन टाकलाय, 'ग्रंट'. आमच्या पुस्तकात गाईचा 'ग्रंट' हे आजाराचं लक्षण आहे. चाऱ्यातून तार, खिळा पोटात गेला की तो पुढे टोचायला लागतो. अशी गाय उतारावरून चालायला बघत नाही. तिच्या खांद्यामागे पाठीवरची कातडी चिमटीत धरून दाबली की चांगली गाय पाठ खाली वाकवते. ही वाकवत नाही, आणि दाबलं की कण्हते. बारीक, आतल्या आत. गोठ्यात चार माणसं बोलत असली तर ऐकू येत नाही. मी सगळ्यांना गप्प करून तिच्या नाकाशी कान न्यायचो.

ताई, एक विनंती आहे. तुमच्या आईंनी चाळीस वर्षं म्हशी सांभाळल्या आहेत. मुका माज त्या कसा ओळखायच्या, विचारून इथे लिहाल का? मी पुस्तकातली लक्षणं सांगू शकतो, पण प्रत्येक घरची बाई एखादी खूण अशी सांगायची की ती पुस्तकात नसायची.

सिडकोतला बाबा

सगळं वाचलं, मनापासून आवडलं. पण माझी मुलगीही दुसरीतच आहे, म्हणून एक विचारतो. परीक्षेत मुलांनी काय लिहायचं? 'बेलो' लिहिलं आणि तपासणाऱ्याने कापलं तर मूल हिरमुसतं. मी तरी मुलीला 'मू' लिहायला सांगेन आणि घरी खरं काय ते सांगेन.

शरणपूर रोड, निवृत्त शिक्षिका

बाबा, तुमचं म्हणणं मला मान्य नाही. म्हशीला 'बेलो' हे कुठल्याही चांगल्या इंग्रजी शब्दकोशाला धरून आहे. शाळेत जाऊन शांतपणे दाखवा. मला माझ्या नोकरीत तीन-चार पालकांनी अशा चुका दाखवल्या, त्यातल्या दोन माझ्या होत्या, मी वर्गात फळ्यावर दुरुस्त केल्या. मुलाला एक उत्तर शाळेचं आणि एक घरचं अशी सवय लावू नका.

निफाडची बाग

मी द्राक्षवाला, जनावरांतलं मला फारसं कळत नाही, पण बागेला लागूनच कालवा आहे आणि नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य जवळ, त्यामुळे पक्षी ऐकत मोठा झालोय. या धाग्यात पक्ष्यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

वर्कशीटमध्ये 'डक' पुढे 'क्वॅक' असतं. नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात चापडगावच्या मनोऱ्यावर पहाटे जाऊन उभे राहा. हजारो बदकं असतात आणि 'क्वॅक' क्वचित ऐकू येतं. आमच्याकडची अडई तर चक्क शीळ घालते, उडताना बारीक दोन सुरांची. तिचं इंग्रजी नावही 'व्हिसलिंग डक' असंच आहे. चक्रवाक घशातून 'आँग, आँग' करतो, लांबून कुणी भोंगा वाजवल्यासारखा. मुलाला तिथे एकदा न्या, ताई. तुमच्या माहेरापासून लांब नाही. त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा मान, मिळाल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलंच.

मला मात्र पावशाबद्दल लिहायचंय. एप्रिलची खरड छाटणी झालेली असते, काड्या फुटत असतात, ऊन मरणाचं, आणि मे सरत आला की तो बाभळीत बसून सुरू होतो. तीन सुरांची हाक, प्रत्येक वेळी आधीपेक्षा वर चढवत नेतो, शेवटी आवाज फाटेल असं वाटतं तेव्हा थांबतो. आणि परत खालून सुरू. माझे आजोबा म्हणायचे, तो सांगतोय "पेरते व्हा, पेरते व्हा". घरात बियाण्याची पोती बाहेर निघायची. इंग्रज साहेबाने हाच पक्षी ऐकला आणि त्याला ऐकू आलं 'ब्रेन फीवर'. तापात डोकं फिरल्यासारखं. इंग्रजीत त्याचं नावच 'ब्रेनफीवर बर्ड' पडलं. हिंदीवाल्यांना 'पी कहाँ' ऐकू येतं, प्रियकर कुठे आहे. बंगालीत 'चोख गॅलो', डोळे गेले. पक्षी एक, सूर तेच.

मी लहानपणी आजोबांचं ऐकून ऐकून इतका पक्का झालोय की मला आजही दुसरं काही ऐकू येत नाही. प्रयत्न करून पाहिला. 'ब्रेन फीवर' असं मनात म्हणत उभा राहिलो बांधावर, तरी तो 'पेरते व्हा'च म्हणाला.

टिटवीचंही तसंच. इंग्रजी पक्षीपुस्तकांत तिचं ओरडणं 'डिड ही डू इट' असं लिहितात, सलीम अलींनीही तसंच लिहिलंय. 'त्यानं केलं का?' असा तिचा प्रश्न. आपल्याकडे आवाजावरून नावच टिटवी, आणि रात्री ओरडली की घरातली म्हातारी माणसं अस्वस्थ होतात. मला एवढं कळतं की टिटवी रात्री ओरडली म्हणजे तिच्या अंड्यांजवळून कुणीतरी चाललंय. कधी कुत्रं असतं, कधी माणूस असतो, आणि आमच्याकडे कधी बिबट्या असतो.

बिबट्याला मराठीत शब्दच कमी पडतो. वाघाची डरकाळी, सिंहाची गर्जना, हे आपण शाळेत पाठ केलं. बिबट्याला काही नव्हतं. गेल्या वर्षी उसाच्या कडेला रात्री पाणी धरायला गेलो होतो, तेव्हा पहिल्यांदा तो आवाज ऐकला. कुणीतरी अंधारात जाड लाकूड करवतीने कापतंय. एक ओढ आत, एक बाहेर, परत आत, परत बाहेर. दहा-बारा ओढी, मग शांत. मला खरंच वाटलं, रात्री अकराला कुणी लाकूड तोडतंय. ऊसतोडीला आलेल्या एका मामांनी दंड धरला आणि हळू म्हणाले, "करवत चाललीये. मागं सरा." ते त्याला करवतच म्हणत होते. नंतर वाचलं तेव्हा कळलं की इंग्रजीतही बिबट्याच्या या आवाजाला 'सॉइंग' म्हणतात, करवतणं. त्या मामांना शाळा ठाऊक नव्हती, आणि पुस्तक लिहिणाऱ्याने आमचा ऊस पाहिलेला नव्हता.

आमच्या भागातल्या मुलांना सिंहाची गर्जना नसेल ठाऊक तर चालेल. हा आवाज मात्र ओळखता आला पाहिजे. आमच्या वस्तीवरच्या सगळ्या पोरांना मी तो तोंडाने काढून दाखवलाय, आणि सांगितलंय की असं ऐकू आलं तर पळायचं नाही, एकट्याने पुढे जायचं नाही, मोठ्याने बोलत, बॅटरी लावून, सगळ्यांनी मिळून घराकडे फिरायचं.

पाथर्डी फाट्याची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. सिन्नरच्या काकांचं लिहिलेलं मी काल रात्री आईला मोठ्याने वाचून दाखवलं. मुलगा मांडीवर होता. रेबीजच्या गोष्टीला आई उठून बसली. तिच्या माहेरी असंच एकदा झालं होतं म्हणाली, पण ते तिने पुढे सांगितलं नाही.

मुलाला तिच्यासमोर सांगितलं, आज्जीचं बरोबर होतं, इंग्रजीत 'बेलो' म्हणतात. त्याने वर्कशीट काढून 'रेकते'च्या खाली 'बेलो' लिहिलं आणि पेन्सिलने बरोबरची खूण केली. सोमवारी मी शाळेत जाणार आहे, शरणपूर रोडच्या बाईंनी सांगितलं तसं, शब्दकोश घेऊन.

काका, तुमच्या प्रश्नाचं आईने दिलेलं उत्तर जसंच्या तसं लिहिते. "मुकी कशाची? उन्हाळ्यात ती तोंडानं बोलत नाही, बाकी सगळ्यानं बोलते. सांजच्याला धार काढताना पान्हा चोरती, लिटरभर दूध कमी देती. ढेप पुढ्यात राहती. थोडी थोडी मुतती. पण ते सगळं दिसायला उजेड पाहिजे. मी अंथरुणातून साखळी ऐकायची. बसून रवंथ करणाऱ्या म्हशीची साखळी वाजत नाही. पहाटेच्या वक्ताला एकीचीच साखळी वाजायला लागली, थांबली, परत वाजली, म्हणजे ती उठबस करतीये. मग मी कंदील घेऊन जायची."

मुलाने लगेच विचारलं, साखळी कशी वाजते? आमच्या फ्लॅटमध्ये साखळी कुठली. आईने कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा घेतला, डोळे मिटले आणि फरशीवर तो हळूच सरकवून दाखवला. एकदा. थांबली. मग परत.